विंडोज १० गेलं म्हणून लॅपटॉप भंगारात काढताय? आधी या चुका टाळा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला मोफत अपडेट देणं थांबवलं आणि लोकांचे सरळ दोन गट पडले. एक गट चांगला चालता लॅपटॉप एक्स्चेंज ऑफरमध्ये कवडीमोलाने देऊन नवा घेऊन येतो. दुसरा गट "इतकी वर्षं काही झालं नाही, आता काय होणार" म्हणत त्याच मशीनवर नेट बँकिंग करत राहतो. नुकसान दोघांचंही होतं. पहिल्याचं लगेच, दुसऱ्याचं कधीतरी. मशीन निकामी झालंय की नाही हे ठरवायला त्याची डिस्क, रॅम, बॅटरी आणि तुमचं रोजचं काम बघावं लागतं, आणि नेमकं तेच कुणी बघत नाही.

सपोर्ट संपला म्हणजे कॉम्प्युटर संपला, असं समजणं

विंडोज १० उद्याही सुरू होईल, परवाही होईल. थांबतात त्या सुरक्षेच्या दुरुस्त्या. दर महिन्याला विंडोजमध्ये नव्या त्रुटी सापडतात आणि त्या पुढच्या विंडोज ११ मध्ये बुजवल्या जातात. दोन्हींचा बराचसा गाभा सारखा असल्याने ११ ची दुरुस्ती उलगडून बघणाऱ्याला १० मधली तीच उघडी जागा आयती सापडते. "काही होत नाही" म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं.

यावर तात्पुरता उपाय आहे, पण पुष्कळांना तो माहीतच नाही. घरगुती वापरासाठी 'एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट्स' म्हणून सोय आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीची लिंक येते. आपलं विंडोज २२एच२ आवृत्तीचं हवं आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंट हवं. सेटिंग्ज सिंक (आपल्या अकाउंटमध्ये त्यांची प्रत) चालू ठेवल्या तर पैसे पडत नाहीत. ते नको असेल तर ३० डॉलर किंवा तितकी स्थानिक रक्कम. एका अकाउंटवर १० मशीनपर्यंत चालतं. इथे लोक एक गडबड करतात. सिंक म्हणजे सगळा डेटा वनड्राइव्हवर (मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीत), असं समजून फोटो-डॉक्युमेंट सगळ्याला टिक करतात. वनड्राइव्ह फुकटात ५ जीबी देतं. ते चार दिवसांत भरतं आणि मग जागा विकत घ्या म्हणून रोज तगादा. नोंदणीसाठी फक्त सेटिंग्जचं सिंक पुरतं.

माझं मत विचाराल तर विंडोज १० ला २०१५ पासून दहा वर्षं अपडेट मिळाली, त्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. राग येतो तो पुढच्या अटीचा. विंडोज १० हे ७ च्या काळातल्या मशीनवरही बिनबोभाट चाललं होतं. ११ ने मात्र इंटेलच्या आठव्या पिढीपाशी रेघ मारली. म्हणजे २०१७ च्या सुरुवातीला नवाकोरा घेतलेला लॅपटॉप, ११ बाजारात आलं त्या २०२१ सालीच अपात्र! चार वर्षांत.

"अपात्र" हा शिक्का तपासून न बघणं

आता दुसरी बाजू. विंडोज ११ च्या अटी: ६४ बिट प्रोसेसर ठरलेल्या यादीतला, ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, सिक्युअर बूटची (सुरू होताना खात्रीचंच सॉफ्टवेअर चालू देण्याची) सोय आणि टीपीएम २.० (एन्क्रिप्शनच्या किल्ल्या जपणारा सुरक्षेचा भाग). पुष्कळ मशीन अडतात ती या शेवटच्या अटीवर, आणि त्यातल्या बऱ्याच मशीनमध्ये टीपीएम असतं. फक्त बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) बंद असतं. असेंबल्ड डेस्कटॉपमध्ये तर हे फार दिसतं. लोक वेगळी टीपीएम चिप शोधत मुंबईचा लॅमिंग्टन रोड पालथा घालतात, आणि गरज असते ती एक सेटिंग बदलण्याची. इंटेलच्या बोर्डवर तिला 'पीटीटी' म्हणतात, एएमडीवर 'एफटीपीएम'. नावात टीपीएम दिसेलच असं नाही, म्हणून सापडत नाही.

प्रोसेसरची पिढी ओळखणं सोपं आहे. आय-५ ७२०० मधला पहिला आकडा ७, म्हणजे सातवी पिढी. आय-५ ८२५० म्हणजे आठवी. १०२१० म्हणजे दहावी. एएमडीत ढोबळमानाने रायझन २००० पासून पुढे, पण त्यातलेही सगळे नाहीत, त्यामुळे मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' चालवून खात्री करा.

बायोसमध्ये शिरण्याआधी मात्र दोन गोष्टी. इथेच सगळ्यात महागात पडणाऱ्या चुका होतात.

पहिली बिटलॉकरची, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणाऱ्या विंडोजमधल्या सोयीची. अनेक लॅपटॉपवर डिस्क एन्क्रिप्शन मालकाच्या नकळत चालू झालेलं असतं, होम आवृत्तीतसुद्धा. अशा मशीनवर बायोस अपडेट केला, सिक्युअर बूटची सेटिंग बदलली किंवा टीपीएम 'क्लिअर' केलं, की पुढच्या वेळी निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती नसेल तर डेटा गेला. कुठलाही दुकानदार तो काढून देऊ शकत नाही, आणि "काढून देतो" म्हणणारा तुम्हाला फॉरमॅट मारून देणार आहे. ही रिकव्हरी की सहसा मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये साठवलेली असते. पण ते अकाउंट कुणाचं? लॅपटॉप घेताना दुकानातल्या पोऱ्याने पटकन बनवून दिलेलं, ज्याचा पासवर्ड घरात कुणालाच आठवत नाही? ते आधी शोधा, रिकव्हरी की कागदावर उतरवा, एन्क्रिप्शन तात्पुरतं थांबवा, मग बायोसला हात लावा. आणि टीपीएम 'चालू करणं' वेगळं, 'क्लिअर करणं' वेगळं. दोन्ही पर्याय एकाच पानावर असतात, म्हणून सांगतो.

दुसरी चूक डिस्कच्या मांडणीची. सिक्युअर बूटसाठी बूट होण्याचा जुना 'लेगसी' किंवा 'सीएसएम' मोड बंद करावा लागतो. विंडोज जर एमबीआर या जुन्या मांडणीच्या डिस्कवर टाकलेलं असेल तर सीएसएम बंद करताच मशीन बूटच होत नाही. लोक घाबरून सगळं नव्याने टाकतात. गरज नसते: बायोसमध्ये जाऊन सीएसएम परत चालू केलं की जुनं विंडोज उठतं. मग बॅकअप घ्यायचा, विंडोजसोबतच येणाऱ्या 'एमबीआर टू जीपीटी' टूलने डिस्कची मांडणी नव्या जीपीटी पद्धतीत बदलून घ्यायची आणि त्यानंतर मोड बदलायचा. क्रम चुकला की गोंधळ.

रुफस हे पेनड्राइव्हवरून विंडोज टाकायचं टूल वापरून अटी चुकवत ११ टाकण्याचा मार्ग आहे, चालतोही. मी तो दुसऱ्याच्या मशीनवर करत नाही. अपात्र मशीनला पुढची अपडेट मिळत राहतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि ती अडकली की फोन आपल्याला येतो.

मशीन स्लो आहे म्हणून विंडोजला शिव्या देणं

टास्क मॅनेजर उघडा. परफॉर्मन्समध्ये बघा. डिस्क १०० टक्क्यांवर चिकटलेली आणि प्रोसेसर निवांत बसलेला, हे चित्र दिसलं तर प्रोसेसरही बिचारा निर्दोष आणि विंडोजही बहुतांशी निर्दोष. फिरणारी हार्ड डिस्क सेकंदाला सुट्या सुट्या जागांवरचे शंभरेक तुकडे वाचते. साधी एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क; साटा ही तिची जुनी, साधी जोडणी) तेच काम हजारोंच्या संख्येत करते. विंडोज सुरू होणं म्हणजे असे असंख्य बारीक तुकडे वाचणंच, त्यामुळे जुन्या लॅपटॉपला एसएसडी बसवल्यावर जो फरक पडतो तो दुसऱ्या कशानेच पडत नाही.

पण एसएसडी आणायला धावण्याआधी जुन्या डिस्कची तब्येत बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात 'रीअलोकेटेड' किंवा 'पेंडिंग' सेक्टरचे आकडे वाढताना दिसले तर डिस्क मरणपंथाला लागली आहे. अशा डिस्कवर लोक काय करतात? चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासणी) चालवतात, नाहीतर फॉरमॅट मारून पुन्हा विंडोज टाकतात. म्हणजे मरणाऱ्या डिस्ककडून सगळ्यात जड काम करून घेतात. आधी महत्त्वाच्या फाइली बाहेर काढा, बाकीचं नंतर.

खरेदीतली फसगत: एम-टू स्लॉट (पट्टीसारखी एसएसडी बसवायची जागा) दिसला की एनव्हीएमई, म्हणजे साटापेक्षा वेगवान प्रकारची एसएसडी चालेलच, असं नाही. २०१५-१७ च्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये तो स्लॉट फक्त साटा चालवतो. एनव्हीएमई आत बसते, पण मशीनला दिसत नाही. मॉडेल नंबर टाकून मॅन्युअल बघा. एनव्हीएमईचा ३५०० एमबी प्रतिसेकंद हा आकडा ऐकून हुरळूनही जाऊ नका. साटाच्या ५५० च्या तुलनेत वर्ड, एक्सेल, ब्राउझरमध्ये तो फरक हाताला फारसा जाणवत नाही. मोठे व्हिडिओ इकडून तिकडे हलवणाऱ्याची गोष्ट वेगळी. आणि ऑनलाइन कुठे "२ टीबी पेनड्राइव्ह" चारशे-पाचशेला दिसला तर तो खोटाच समजा. आत ३२ किंवा ६४ जीबीची चिप असते आणि पुढचा डेटा गुपचूप हरवतो. एच-टू-टेस्ट-डब्ल्यू या तपासणीच्या सॉफ्टवेअरने पूर्ण भरून तपासल्याशिवाय कुठल्याही स्वस्त ड्राइव्हवर लग्नाचे फोटो ठेवू नका.

रॅमबद्दल थोडक्यात. टास्क मॅनेजरमध्येच स्लॉट किती वापरात आहेत ते दिसतं. डीडीआर३ आणि डीडीआर३एल हे रॅमचे दोन प्रकार सारखेच दिसतात, खाचही तीच. पण चौथ्या पिढीच्या लॅपटॉपला १.३५ व्होल्टवाली 'एल' लागते. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवरच डकवलेली असते, तिथे विषयच संपला. ३२ बिट विंडोज टाकलेलं असेल तर ८ जीबी लावूनही चारच्या पुढे वापरली जात नाही. २०२५ च्या अखेरीपासून एआय डेटा सेंटरच्या मागणीने रॅमचे भाव चढले. रॅम बनवणाऱ्या मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशल हा ग्राहकांसाठीचा ब्रँड गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. तेव्हा बंद पडलेल्या लॅपटॉपमधल्या डीडीआर४ पट्ट्या भंगारवाल्याला देऊ नका.

बूस्टर, क्लीनर आणि क्रॅक

रजिस्ट्री क्लीनरने मशीन वेगवान होत नाही. रॅम बूस्टर रॅम रिकामी करतो, मग विंडोज तीच पुन्हा भरतं. ॲक्टिव्हेटर (पैसे न भरता सॉफ्टवेअर चालू करणारा क्रॅक) वापरायला "अँटिव्हायरस आधी बंद करा" असं सांगितलं जातं, यातच सगळं आलं.

एका रात्रीत लिनक्सवर उडी मारणं

मला लिनक्स (विंडोजऐवजी टाकता येणारी फुकट प्रणाली) आवडतं, त्यामुळे हे जरा जपून लिहितो. अपात्र मशीनला लिनक्स मिंट २२ हा छान पर्याय आहे: उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सवर बेतलेलं, २०२९ पर्यंत अपडेट, ४ जीबी रॅममध्ये चालतं. ब्राउझर, ईमेल, यूट्यूब, मुलांचा अभ्यास एवढंच काम असेल तर आईवडिलांच्या लॅपटॉपवर बेलाशक टाका. पण लिनक्सचे भक्त ज्यांना पटवायला निघतात त्यांचं काम काय आहे हे विचारत नाहीत.

दुकानदाराचं टॅली विंडोजवर चालतं. ई-टेंडरवाल्या कंत्राटदाराचं डिजिटल सिग्नेचरचं टोकन लिनक्सवर चालवायचं म्हणजे डोकेदुखी. आणि आपल्याकडचा सगळ्यात मोठा अडथळा म्हणजे छापखाने. गावोगावी पत्रिका, अहवाल, दिवाळी अंक लावणारे डीटीपीवाले श्रीलिपी किंवा सी-डॅकच्या आयएसएम या मराठी फाँटच्या सॉफ्टवेअरवर आणि पानं लावायच्या पेजमेकरवर बसले आहेत. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती ७.०, २००१ ची. त्यांच्या जुन्या फाइली युनिकोड या सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत नाहीत. दुसऱ्या मशीनवर उघडल्या की मजकुराच्या जागी निरर्थक अक्षरं दिसतात. अशा माणसाला लिनक्स सुचवणं म्हणजे त्याचा धंदा बंद करणं. त्याने जुनं मशीन इंटरनेटपासून तोडून फक्त त्या कामापुरतं ठेवावं, मेल आणि बँक दुसऱ्या मशीनवर.

बाकीच्यांसाठी: पेनड्राइव्हवरून 'लाइव्ह' चालवून बघा, काही न टाकता. वायफाय लागतं का (ब्रॉडकॉमची कार्डं त्रास देतात), प्रिंटर छापतो का, आवाज येतो का, झाकण मिटून उघडल्यावर मशीन जागं होतं का. इन्स्टॉल करताना डिस्कच दिसली नाही तर डिस्क बिघडली असं समजू नका. बायोसमध्ये साटा मोड (डिस्क चालवण्याची सेटिंग) 'आरएसटी' किंवा 'रेड' वर असतो, तो 'एएचसीआय' करावा लागतो. शेजारी विंडोजही ठेवायचं असेल तर हा बदल थेट करू नका, तयारीशिवाय केला की विंडोज उठत नाही. मराठी टायपिंगची चिंता मात्र सोडा. इन्स्क्रिप्ट कीबोर्ड दोन्हीकडे तोच आहे, बोटांची सवय बदलत नाही.

नवा घेताना "आय-सेव्हन आहे ना?" एवढंच विचारणं

सेकंड-हँड बाजारात चौथ्या पिढीचा आय-७ अजूनही रुबाबात विकला जातो. बाराव्या पिढीचा आय-३ त्याला सहज मागे टाकतो आणि ११ वर अधिकृतपणे चालतो. कंपन्यांमधून निघालेले आठव्या-दहाव्या पिढीचे थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक हे माझ्या मते सध्याचे सगळ्यात शहाणे सौदे आहेत: उघडायला सोपे, सुटे भाग मिळतात. फक्त बायोसला जुन्या कंपनीचा पासवर्ड नाही ना, हे दुकानातच बघा. नवा घेत असाल तर 'एआय पीसी'च्या स्टिकरसाठी जादा पैसे मोजू नका. कोपायलट प्लस या मायक्रोसॉफ्टच्या एआय पीसीच्या नावाखाली मागितलेल्या अटींत सेकंदाला ४० लाख कोटी गणितं करणारी एनपीयू (एआयसाठीचा वेगळा प्रोसेसर) आहे, तिचा हिशेबाच्या एक्सेल शीटला काडीचा उपयोग नाही. १६ जीबी रॅमची अट मात्र खरंच कामाची आहे, तेवढी घ्या.

जुनं मशीन द्यायचंच ठरलं तर 'रीसेट'मध्ये ड्राइव्ह पूर्ण साफ करण्याचा पर्याय निवडा. नुसत्या फाइली डिलीट करून दिलेल्या हार्ड डिस्कमधून त्या परत काढता येतात. आणि टचपॅड वर उचलल्यासारखा दिसत असेल तर खाली बॅटरी फुगली आहे. चार्जिंग लगेच थांबवा, ती दाबून किंवा टोचून बघू नका, आणि भंगारवाल्याच्या पोत्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर द्या.