बारावी केमिस्ट्री: उत्तरं जुळत नसतील तर भागाकार करा

पेपर सुटल्यावर गणितांची उत्तरं जुळली नाहीत, की नेमकं कुठे चुकलं यावर वाद सुरू होतो. पूर्ण गणित पुन्हा सोडवत बसू नका. मोठ्या उत्तराला लहान उत्तराने भागा. भागाकार किती आला, त्यावरून चूक ओळखा.

१. सुमारे १०००: ज्यूल-किलोज्यूल किंवा ग्रॅम-किलोग्रॅमचा घोळ. वायू स्थिरांक R = ८.३१४ ज्यूलमध्ये घेतला आणि उत्तर तसंच किलोज्यूल म्हणून लिहिलं, की हमखास हेच होतं.
२. १००: कार्याच्या गणितात डेसीमीटर³·बारचं ज्यूल करायचं राहिलं.
३. ६०: मिनिटं आणि सेकंद.
४. २.३०३: लॉगच्या सूत्रात हा आकडा सुटला.
५. २ किंवा ३: ΔG = −nFE या सूत्रातला n (इलेक्ट्रॉनची संख्या) किंवा क्षाराच्या द्रावणातला व्हांट हॉफ घटक (एका सूत्रातून किती आयन सुटतात तो आकडा) तपासा.
६. जवळपास १२: २५ अंश सेल्सिअसमध्ये २७३ मिळवायचे राहिले, म्हणजे २९८ ऐवजी २५ घेतले.

तिसऱ्या-चौथ्या अंकातला फरक लॉग टेबलाचा असतो, तो सोडून द्या.

मात्र कोणाचं बरोबर हे भागाकार सांगत नाही. ती पायरी तपासून आणि प्रश्नपत्रिकेत विचारलेलं एकक बघूनच ठरवा. दोघांचं उत्तर सारखं आलं तरी एकक बघाच.