इंग्रजी अर्जात वाक्य कुठे संपते? या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांत मराठी माध्यमातून एसएसएलसी (कर्नाटकातली दहावी) झालेल्या मुलांना कचेरीत किंवा महाविद्यालयात अर्ज द्यायचा असला की त्यांतली बरीच इंग्रजीकडे वळतात, कारण कन्नडमध्ये लिहिण्याचा सराव नसतो आणि मराठी अर्ज घेतला जाईल याची खात्री नसते. असे अर्ज मी तपासून देतो. स्पेलिंगच्या चुकीने कुणाचे काम अडल्याचे मी फारसे पाहिलेले नाही. वाक्य कुठे संपवायचे हे न कळल्याने मात्र अनेकांची कामे रखडली आहेत.

सर्वांत घातक चूक म्हणजे दोन पूर्ण वाक्ये नुसत्या स्वल्पविरामाने, किंवा तोही न देता, एकमेकांना चिकटवणे. मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येते, त्यामुळे ‘भरले’, ‘मिळाली नाही’ असे कानावर पडताच वाक्य संपल्याचे कळते. इंग्रजीत क्रियापद मध्येच येऊन जाते आणि काळ, स्थळ, कारण सांगणारे शब्द त्याच्या मागून येत राहतात. खानापूरकडच्या एका मुलीने परीक्षा शुल्काच्या पावतीसाठी लिहिले होते, ‘आय पेड द फी इन मार्च द रिसीट वॉज नॉट गिव्हन आफ्टर टू वीक्स आय आस्क्ड अगेन.’ पावती दिलीच नाही आणि दोन आठवड्यांनी आपण पुन्हा विचारले, असे तिला म्हणायचे होते. कारकुनाने ‘आफ्टर टू वीक्स’ हे शब्द मागच्या वाक्याला जोडले, मुदत उलटल्यावर पावती मागितल्याने ती दिली नाही असा अर्थ लावला आणि अर्ज निकाली काढला. मुलीचे प्रवेशपत्र अडकले आणि तिच्या वडिलांना मजुरी बुडवून बेळगावला खेपा घालाव्या लागल्या. ‘मार्च’नंतर एक आणि ‘गिव्हन’नंतर एक असे दोन पूर्णविराम दिले असते, तर हे काहीच घडले नसते.

माझी सवय अशी आहे की मी पेन्सिलीने प्रत्येक कर्ता आणि त्याचे क्रियापद अधोरेखित करतो. दोन पूर्णविरामांच्या मध्ये अशा दोन जोड्या सापडल्या आणि त्यांना सांधणारा ‘अँड’, ‘बट’, ‘बिकॉज’, ‘व्हेन’ यांसारखा शब्द नसला, तर मी तिथे सरळ पूर्णविराम देतो. याला वेळ लागतो म्हणून मुले कंटाळतात आणि ‘श्वास घ्याल तिथे स्वल्पविराम’ हा शिकवणीतला तोडगा वापरतात. तो तोडगा सोडून द्यावा. श्वास प्रत्येकाचा वेगळा असतो.

‘जाऊन’, ‘भेटून’, ‘सांगून’ अशी साखळी मराठीत एकाच वाक्यात शोभते. तीच इंग्रजीत ‘आय वेंट टु बेळगाव, आय मेट द ऑफिसर, आय गेव्ह द लेटर’ अशी उतरते, आणि ती चूक आहे. कर्ता एकदाच ठेवून ‘आय वेंट टु बेळगाव, मेट द ऑफिसर अँड गेव्ह द लेटर’ असे लिहावे.

मराठीत विरामचिन्हे रूढ करण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते आणि ती इंग्रजीवरूनच आली, म्हणून दोन्हींकडचे नियमही सारखेच असतील असे अनेकांना वाटते. ‘आलो नाही. कारण पाऊस होता.’ हे मराठीत खपते. इंग्रजी अर्जात ‘बिकॉज’ने सुरू होणारा तसा तुकडा पूर्णविराम देऊन एकटा सोडू नये, तो आधीच्या वाक्याला जोडावा. ‘हाउएव्हर’ आणि ‘देअरफोर’ दोन वाक्यांच्या मध्ये आले तर त्यांच्या आधी पूर्णविराम किंवा अर्धविराम हवा, नुसता स्वल्पविराम पुरत नाही. ‘अँड’ने वाक्य सुरूच करू नये हा मात्र खोटा धाक आहे.

‘विथ रेफरन्स टु द अबव्ह सब्जेक्ट’ एवढे लिहून पूर्णविराम देण्याची सवय जुन्या नमुन्यांची नक्कल करून लागते. त्यात ना कर्ता आहे, ना क्रियापद. पुढे स्वल्पविराम देऊन ‘आय रिक्वेस्ट यू टु इश्यू द रिसीट’ असे त्याच वाक्यात लिहावे, म्हणजे अर्जदाराला काय हवे आहे हे साहेबांना पहिल्याच ओळीत कळते.