अडेनियम पुण्यात जपायचं ते पावसाळ्यात

अडेनियम या फुलझाडाला पाणी कमी पडेल ही भीती मनातून काढून टाका. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेचा कोरडा पट्टा, पूर्व आफ्रिका आणि अरबस्तान हे त्याचं मूळ घर. फुगलेल्या खोडात ते पाणी साठवून ठेवतं. आमच्या सहकारनगरच्या गच्चीवर मे महिन्यात दुपारी पाय ठेववत नाही, तिथेच माझी झाडं भरभरून फुलतात. पुण्यात अडेनियम मरतं ते जून ते सप्टेंबर, मुळं कुजून.

म्हणून सुरुवात मातीपासून. काळी माती नकोच. धुतलेली जाड वाळू दोन भाग, विटांचे चण्याएवढे तुकडे एक भाग, कंपोस्ट एक भाग आणि मूठभर निंबोळी पेंड. वर ओतलेलं पाणी लगेच खालून निघालं पाहिजे. कुंडी मातीची, उथळ आणि पसरट घ्या. नर्सरीतलं रोप बहुधा कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात असतं. ते सगळं झटकून काढा.

कुंडी थंडी सरल्यावर, फेब्रुवारीच्या शेवटी बदला. छाटलेली मुळं सावलीत चार-पाच दिवस सुकू द्या, मग झाड आधीपेक्षा इंचभर वर लावा आणि आठवडाभर पाणी देऊ नका. फांद्यांची छाटणीही तेव्हाच, कारण फुलं नव्या शेंड्यांवर येतात. छाटताना हातमोजे घालाच. चीक विषारी असतो, आफ्रिकेत तो बाणांना लावत. घरात लहान मूल किंवा कुत्रा असेल तर कुंडी उंचावर ठेवा.

पावसाळ्यात झाडं पारदर्शक पत्र्याखाली हलवा, पण झड आत येणार नाही हे बघा. ऊन मात्र मिळायलाच हवं. रोज सकाळी खोड बोटांनी दाबून बघण्याची सवय लावून घ्या. टणक असेल तर उत्तम. माती कोरडी आणि खोड मऊ, तर झाड तहानलंय. माती ओली आणि खोड मऊ, तर कूज लागली. तिथे एक दिवसही थांबू नका. झाड उपटा, स्वच्छ सुरीने पांढरा, निरोगी गर लागेपर्यंत कापा, बुरशीनाशक लावा, जखम पूर्ण सुकू द्या आणि कोरड्या मिश्रणात लावा. अर्धं खोड गेलेलं झाडही यातून उठतं.

डिसेंबर-जानेवारीत पानं गळतात. गळू द्या, पाणी अगदी कमी करा. पिठ्या ढेकूण (पांढरी, कापसासारखी दिसणारी कीड) दिसला तर निंबोळी तेल, तेही संध्याकाळी.

जाडजूड बुंधा हवा असेल तर बियांपासूनच वाढवा. फांदीच्या रोपाला तसा बुंधा सहसा येत नाही. बियांच्या रोपाला फुलांचा रंग मात्र आईसारखाच येईल असं नाही, त्यासाठी कलमच घ्यावं लागतं. शिंगांसारख्या जोडशेंगा फुटायच्या आधी त्यांना दोरा गुंडाळा, नाहीतर दोन्ही टोकांना झुपके असलेल्या बिया वाऱ्याबरोबर उडून जातात. ताजं बी आठवडाभरात उगवतं.