मोठ्या जातीचं पिल्लू लंगडतंय? कॅल्शियमच्या आधी हे बघा

आमच्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडं हल्ली लॅब, जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन बरेच जण पाळतात, आणि पिल्लू लंगडलं की घरातलं कुणीतरी म्हणतंच, कॅल्शियमची बाटली आणा. थांबा जरा. सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाच्या आतड्याला जादाचं कॅल्शियम अडवता येत नाही, आणि मोठ्या जातीत त्यानंच हाडांची वाढ बिघडते.

आधी चाल बघा, पण गुळगुळीत फरशीवर नको, अंगणात मातीवर. मोबाईलवर व्हिडिओ काढा, दवाखान्यात घाबरून पिल्लू नीट चालतं.

मग ताप. थर्मामीटरला व्हॅसलीन लावून गुदद्वारात, १०१ ते १०२.५ फॅरनहाइट नॉर्मल. १०४ च्या वर आणि पिल्लू उठेना, तर त्याच दिवशी डॉक्टर.

आता हात लावायचा, आणि सगळ्यात जास्त इथंच कळतं. चांगल्या पायापासून सुरू करा, मांस बाजूला सारून दोन बोटांनी हाड दाबत चला. हाडाच्या मधोमध दाबलं की ओरडतंय, आणि लंगडणं आज या पायात, पंधरा दिवसांनी दुसऱ्या पायात, वय पाच महिन्यांच्या पुढं, तर पॅनोस्टायटिसचा, म्हणजे वाढत्या पिल्लाच्या लांब हाडांच्या आतल्या दुखऱ्या सुजेचा संशय, शेफर्डमध्ये हा फार. आमच्या डेनच्या पिल्लाचं वेगळं होतं, चौथा महिना, पुढच्या दोन्ही मनगटांच्या जरा वर लिंबाएवढी सूज, हात ठेवला तर गरम, आणि बिचारं ताटापर्यंत पण येईना. ती निघाली हायपरट्रॉफिक ऑस्टिओडिस्ट्रॉफी, म्हणजे वाढत्या हाडांच्या टोकांशी सूज येणारा आजार.

पिल्लाला काय खायला घालता ते डॉक्टरांना खरं खरं सांगा. नुसतं बोनलेस चिकन आणि भात घातला असेल तर कॅल्शियम कमी, फॉस्फरस जास्त, हाडं पातळ होऊन साध्या उडीनं मोडतात. इथं कॅल्शियम लागतंच, पण किती ते डॉक्टरच ठरवणार.

शेवटी एक्स-रे, दुखत नसला तरी दोन्ही पायांचा काढायला सांगा, तुलना होते. डेनच्या फिल्ममध्ये हाडाच्या वाढीच्या रेषेला समांतर अजून एक काळी रेघ दिसली, डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवली. पॅनोस्टायटिस मात्र सुरुवातीला फिल्मवर दिसत नाही कधीकधी, दोन आठवड्यांनी परत काढावा लागतो.

आणि तोवर आपल्या डब्यातली पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन अजिबात देऊ नका, पिल्लाच्या जिवावर बेततं.