पुराचे पाणी ओसरल्यावर घर निर्जंतुक कसे करावे : कमी रसायनांत, पण योग्य क्रमाने

सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ४० फुटांवर गेली की इशारा मिळतो आणि ४५ फुटांवर धोका सुरू होतो, हे इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असते. ऑगस्ट २०१९ मध्ये ही पातळी ५७ फुटांच्या वर गेली आणि गावभागातल्या आमच्या घरात जिन्याच्या सातव्या पायरीपर्यंत पाणी आले. ते ओसरल्यावर आम्ही दारातून आत पाऊल टाकताच एक चूक केली. घोटाभर गाळावरच ब्लीचिंग पावडरची अख्खी पिशवी रिकामी केली. त्याने डोळे चुरचुरले, दिवसभर खोकला झाला आणि लोखंडी कपाटाचे पाय गंजले. दहा दिवसांनी त्याच खोलीत, त्याच कपाटामागे, कापसासारखी पांढरी बुरशी उभी होती.

असे का झाले, हे समजले की पुढचे सगळे सोपे होते. ब्लीचिंग पावडरमधला क्लोरीन समोर येणाऱ्या सेंद्रिय घाणीशी आधी झगडतो आणि त्यातच संपतो, त्यामुळे गाळावर टाकलेले औषध जंतूंपर्यंत फारसे पोहोचतच नाही. शिवाय ते धुतल्यावर गटारातून ओढ्याला आणि ओढ्यातून पुन्हा नदीलाच मिळते. पर्यावरणाला जपून घर निर्जंतुक करायचे म्हणजे नुसते ‘नैसर्गिक’ असे लेबल लावलेली बाटली आणणे नव्हे. आधी गाळ काढावा, मग साबणाने धुवावे, मग वाळवावे आणि सर्वांत शेवटी, गरज असेल तिथेच, मोजून औषध वापरावे.

आत शिरण्यापूर्वी

मेन स्विच बंद असल्याची खात्री करावी आणि वायरमनने तपासल्याशिवाय वीज सुरू करू नये. पायांत गमबूट, हातांत रबरी मोजे आणि नाकावर मास्क हवाच, कारण पुराच्या पाण्यात उंदरांचे मूत्र मिसळलेले असते आणि पायाच्या लहानशा जखमेतूनही लेप्टोस्पायरोसिसची लागण होऊ शकते. नंतरच्या काही दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना पुराच्या पाण्यात वावरल्याचे आवर्जून सांगावे. अडगळीत हात घालण्याआधी काठीने ठोकून पाहावे, कारण पुरानंतर साप घरात आसरा घेतात. पंचनामा किंवा विम्याची पाहणी व्हायची असेल तर काहीही हलवण्याआधी प्रत्येक खोलीचे आणि भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेचे फोटो काढून ठेवावेत.

गाळ ओला असतानाच काढावा

आपल्याकडची काळी माती ओली असते तोवर फावड्याने सहज निघते. एकदा वाळली की मात्र ती फरशीच्या सांध्यांत सिमेंटसारखी धरते आणि मग दुप्पट पाणी लागते. फावडे, घमेले, खराटा आणि वायपर एवढी साधने पुरतात. भिंती वरून खाली आणि खोल्या आतून दाराकडे अशा क्रमाने धुवाव्यात. गाळ गटारात लोटू नये, कारण गटार तुंबले की तेच पाणी उंबऱ्यावर परत येते. नगरपालिकेची किंवा महापालिकेची गाडी उचलेल अशा जागी तो ढीग करावा आणि त्यात प्लास्टिक मिसळू नये.

भिजलेल्या कापसाच्या गाद्या, उशा आणि फुगलेले प्लायवूड यांचा मोह सोडावा. त्यांच्या आत शिरलेले घाण पाणी कोणत्याही औषधाने बाहेर येत नाही. सागवानी दारे-खिडक्या मात्र वाचतात, फक्त त्या सावलीत वाळवाव्यात, कडक उन्हात लाकूड पिळवटते.

साबण आणि सोडा

गाळ निघाल्यावर गरम पाण्यात धुण्याचा सोडा आणि थोडी साबणाची पावडर घालून फरशी, ओटा, लोखंडी आणि प्लास्टिकचे सामान ब्रशने घासावे. बहुतेक जंतू या घासण्यातच निघून जातात आणि बाटलीतले औषध अर्ध्याहून कमी लागते. ॲल्युमिनियमची भांडी मात्र सोड्यात घालू नयेत, ती काळी पडतात. स्टीलची भांडी धुऊन उकळत्या पाण्यात दहा मिनिटे ठेवली की त्यांना आणखी काही करावे लागत नाही. कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावेत.

वाळवणे

लोक इथेच घाई करतात आणि सगळी मेहनत वाया जाते. भिजलेल्या वस्तूवर एक-दोन दिवसांतच बुरशी धरू लागते आणि तिला लागते ती केवळ ओल. समोरासमोरची दारे-खिडक्या उघडावीत, वीज सुरक्षित झाल्यावर उभा पंखा भिंतीकडे तोंड करून लावावा आणि सामान भिंतीपासून दूर ठेवावे. फुगून पोकळ वाजणारा गिलावा आणि सोलवटणारा ऑइलपेंट खरवडून काढावा, कारण त्यामागे पाणी अडकून राहते.

भिंत वाळली की नाही हे हाताला कळत नाही. त्यासाठी हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट लावावा आणि एक दिवस तसाच ठेवावा. आतल्या बाजूला दव धरले तर भिंत अजून पाणी सोडते आहे, असे समजावे. जुन्या जाड भिंतींच्या घरात यासाठी कित्येक आठवडे लागतात. त्या काळात रंगाऱ्याला बोलावू नये, तो कितीही म्हणाला तरी.

औषध कोणते, कुठे आणि किती

मेडिकलच्या दुकानात हायड्रोजन पेरॉक्साइड बहुधा ६ टक्क्यांचे मिळते. त्यात तितकेच पाणी मिसळले की ३ टक्के होते आणि घरकामाला ते पुरते. फरशी, फळ्या, देव्हाऱ्याचे लाकूड, दारांच्या कडा यांवर ते फवारून किमान दहा मिनिटे पृष्ठभाग ओला राहू द्यावा आणि मग पुसावा. फवारून लगेच पुसण्याने काहीही साधत नाही. काम झाल्यावर त्याचे पाणी आणि प्राणवायू होऊन जाते, म्हणून नदीकाठच्या घराला ते अधिक सोयीचे आहे. रंगीत कापडावर मात्र ते डाग पाडते आणि उजेडात निकामी होते, म्हणून ते मूळच्या गडद बाटलीतच ठेवावे. स्विचबोर्ड, मोबाईल, चष्मा अशा वस्तू वीज बंद ठेवून ७० टक्के स्पिरिटने पुसाव्यात. जवळ ज्योत नको.

रंग नसलेल्या गिलाव्याच्या किंवा मातीच्या भिंतींना चुन्यासारखे दुसरे काही नाही. चुना अतिशय अल्कधर्मी असतो आणि त्यात जंतू व बुरशी तगत नाहीत. शिवाय तो भिंतीची वाफ बाहेर जाऊ देतो, जे प्लास्टिक रंग करत नाहीत. कळीचा चुना लोखंडी पिंपातल्या पाण्यात थोडा थोडा सोडावा, चुन्यावर पाणी ओतू नये, कारण तो उकळून उडतो. या वेळी डोळ्यांवर चष्मा हवा आणि मुले लांब हवीत. रात्रभर मुरवून गाळून त्यात थोडे डिंकाचे पाणी घालावे आणि दोन पातळ हात द्यावेत. ऑइलपेंटवर चुना धरत नाही.

संडास, मोरी आणि सांडपाणी शिरलेला कोपरा इथे क्लोरीनला पर्याय शोधत बसू नये. बाजारात मिळणारे ४-५ टक्क्यांचे सोडियम हायपोक्लोराइट एक लिटर पाण्यात २० ते २५ मिलीलिटर घालावे, दहा मिनिटे ठेवून धुवावे आणि केलेले द्रावण त्याच दिवशी संपवावे. सेप्टिक टँक असेल तर बादल्याच्या बादल्या ओतू नयेत, मैला कुजवणारे उपयोगी जिवाणूही त्याने मरतात. पाण्याची टाकी आधी रिकामी करून घासावी. नंतर स्वच्छ भरलेल्या पाण्यासाठी दर १००० लिटरला २.५ ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर पुरते, मात्र तासभर ते पाणी वापरू नये.

घरात कोणतीही दोन औषधे एकत्र करू नयेत. क्लोरीनमध्ये व्हिनेगर किंवा संडासचे ॲसिड मिसळले तर विषारी वायू निघतो आणि पेरॉक्साइडमध्ये व्हिनेगर घातल्यास फुप्फुसे पोळणारे ॲसिड तयार होते. व्हिनेगरवर एरवीही फार भिस्त ठेवू नये. आपली शहाबादी फरशी मुळात चुनखडक असल्यामुळे त्यावर आंबट काही पडले की तिची झिलई कायमची जाते. काळे फिनाइल मासे आणि मांजरे दोघांनाही घातक आहे. कडुनिंबाचा धूर, कापूर आणि गोमूत्र यांचा आग्रह शेजारीपाजारी प्रेमाने धरतात. मन राखायला धूर जरूर करावा, पण त्याने ओली भिंत निर्जंतुक होत नाही आणि घरात दमेकरी असेल तर तोही टाळावा.

सामान परत लावताना कपाटे भिंतीपासून चार बोटे लांब ठेवावीत आणि दहा दिवसांनी बॅटरी घेऊन त्यांच्या मागे एकदा पाहावे. कुठे पांढरा किंवा काळा ठिपका दिसला तर आधी ओल कुठून येते ते शोधावे आणि मगच बाटली हातात घ्यावी.