दोन ऑब्जेक्टमधील प्रॉपर्टीच्या मूल्यांची अदलाबदल

समजा, 'आयत' या क्लासचे (ऑब्जेक्ट बनवण्याच्या साच्याचे) अ आणि ब असे दोन ऑब्जेक्ट आहेत आणि रुंदी ही त्यांची प्रॉपर्टी, म्हणजे ऑब्जेक्टमध्ये साठवलेली माहिती, आहे. अ.रुंदी 5 आहे आणि ब.रुंदी 8. थेट अ.रुंदी = ब.रुंदी लिहिले, तर अ मधील 5 पुसला जातो आणि पुढच्या ओळीत ब ला देण्यासाठीही 8 च उरतो. म्हणून 'तात्पुरते' नावाचे एक व्हेरिएबल घेऊन आधी तात्पुरते = अ.रुंदी, मग अ.रुंदी = ब.रुंदी आणि शेवटी ब.रुंदी = तात्पुरते, असा क्रम ठेवावा. पायथॉनमध्ये अ.रुंदी, ब.रुंदी = ब.रुंदी, अ.रुंदी ही एकच ओळ पुरते, कारण उजवीकडची दोन्ही मूल्ये आधी काढली जातात आणि मगच डावीकडे बसवली जातात.

नवशिक्यांची फसगत होते ती जावामध्ये अदलाबदलीसाठी वेगळी मेथड (ठरावीक काम करणारा कोडचा भाग) लिहिताना. मेथडला ऑब्जेक्टच्या संदर्भाची (ऑब्जेक्ट कुठे आहे ते दाखवणाऱ्या खुणेची) केवळ प्रत मिळते. त्यामुळे मेथडच्या आत अ आणि ब या पॅरामीटरचीच (मेथडला मिळालेल्या त्या प्रतींचीच) अदलाबदल केली, तर बाहेर काहीही बदलत नाही, मात्र त्याच संदर्भातून प्रॉपर्टी बदलली, तर तो बदल बाहेरही दिसतो.

प्रॉपर्टी खासगी, म्हणजे क्लासच्या बाहेरून थेट न वापरता येणारी असेल, तर गेटर (मूल्य वाचून देणारी मेथड) आणि सेटर (मूल्य बदलणारी मेथड) वापरावेत. सेटर मूल्याची तपासणी करत असल्यास मात्र दुसरे मूल्य नाकारले जाऊन अदलाबदल अर्धवट राहू शकते, म्हणून दोन्ही मूल्ये आधीच तपासून घेणे मला अत्यावश्यक वाटते. प्रॉपर्टीत यादी असेल, तर यादीची प्रत होत नाही, फक्त संदर्भ बदलतात.