सर्व्हरवर कोड शेअर करताय? या चुका टाळा

महापेच्या आमच्या ऑफिसात दर पावसाळ्यात नवी पोरं येतात आणि दर गणपतीत मी त्याच चुका निस्तरत बसतो. म्हणून, सर्व्हरच्या प्रोग्राममध्ये एकच कोड अनेक ठिकाणी वापरताना काय चुकतं, ते एकदाच लिहून ठेवतो.

पहिली चूक माझी खास नावडती: कॉमन फाइलमध्ये युजरची माहिती ठेवणं. सोसायट्यांच्या मेंटेनन्सचं पोर्टल होतं, नोड (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) आणि त्यावरच्या एक्स्प्रेस या वेब लायब्ररीवर. एका पठ्ठ्याने कॉमन फोल्डरमधल्या फाइलीत अगदी वर ‘चालू सभासद’ असं व्हेरिएबल केलं. मिडलवेअर, म्हणजे प्रत्येक रिक्वेस्टवर आधी चालणारा कोड, त्यात लॉगिन झालेला माणूस टाकायचं; बिल, पावती, तक्रार, सगळे तिथूनच उचलायचे. “दादा, दर फंक्शनला पास करत कोण बसणार?” टेस्टिंगला सगळं गुळगुळीत, कारण टेस्ट करणारा तो एकटाच.

बिल भरायच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी घणसोलीच्या एका काकूंचा फोन. “अहो, माझ्या पानावर बी विंगमधल्या कोणाची तरी थकबाकी दिसतेय!” रिफ्रेश केलं की बरोबर. मी ठाणे लोकलमध्ये दाराशी लोंबकळत होतो. ऐरोलीला उतरून उलटा फिरलो.

नोड एखादी फाइल पहिल्यांदा रिक्वायर झाली, म्हणजे दुसऱ्या फाइलीने मागवली, की तिची एकच प्रत त्या प्रोसेसमध्ये जपून ठेवतो आणि पुढे मागेल त्याला तीच देतो. म्हणजे ते व्हेरिएबल साऱ्या गावाचं एकच. काकूंची रिक्वेस्ट डेटाबेसच्या उत्तरासाठी अवेटवर (उत्तर येईपर्यंत थांबायच्या ओळीवर) थांबली, तेवढ्यात बी विंगवाल्याने येऊन स्वतःचं नाव लिहिलं. मी मध्ये दोन सेकंदांचा टाइमआउट, म्हणजे मुद्दाम उशीर, घातला, दोन ब्राउझरमधून लॉगिन केलं. पहिल्याच फटक्यात चोर सापडला.

माझी सवय अशी: युजर रिक्वेस्टवरच ठेवायचा आणि फंक्शनला हातात द्यायचा. कंटाळा येतो, येऊ दे. नोड १३.१० पासून असिंकलोकलस्टोरेज (दर रिक्वेस्टची माहिती वेगळी जपायची सोय) आहे, पण ते मी लॉगमधल्या रिक्वेस्ट आयडीपुरतंच वापरतो. जावावाल्यांनी हसू नये. स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कचं बीन (त्याने सांभाळलेला ऑब्जेक्ट) वेगळं काही सांगितलं नाही तर सिंगलटनच, म्हणजे सगळ्यांत मिळून एकच असतं, आणि जेएसपीत (जावाच्या वेबपानात) उद्गारचिन्हाच्या टॅगमध्ये लिहिलेलं व्हेरिएबलही सगळ्या रिक्वेस्टना मिळून एकच.

दुसरी चूक म्हणजे शेअर करायचं सोडून कॉपी मारणं. जानेवारी २०१८ मध्ये सोसायटी मेंटेनन्सवरच्या जीएसटीची मर्यादा सभासदामागे महिना ५००० वरून ७५०० रुपये झाली. आमच्याकडे तो हिशेब तीन ठिकाणी चिकटवलेला: बिलाचं पान, पीडीएफ, ईमेल. दोन बदलले, ईमेल राहिला. ६२०० रुपयांच्या बिलावर पीडीएफ म्हणे ६२००, ईमेल म्हणे जीएसटी धरून ७३१६. सेक्रेटरींनी दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि नुसते बघत राहिले. तेव्हापासून पैशाचा नियम दुसऱ्यांदा लागला की मी तो लगेच वेगळ्या फाइलीत हलवतो. बाकी कोड तिसऱ्या वेळेपर्यंत डुप्लिकेट राहिला तरी मला चालतो.

पण म्हणून सगळंच ‘युटिल्स’ नावाच्या सटरफटर फाइलीत कोंबू नका. ती फाइल म्हणजे घरातला माळा. कोणी काय टाकलं ते टाकणाऱ्यालाही आठवत नाही. तारखांची वेगळी, पैशांची वेगळी, एवढं तरी करा.

दोन फाइली एकमेकींना रिक्वायर करत असतील तर एकीला दुसरी अर्धवटच मिळते आणि ‘इज नॉट अ फंक्शन’ अशी बोंब येते. दोघींना लागणारं तिसरीत काढा. रिक्वायर ओळ फंक्शनच्या आत सरकवून गप्प बसणारे मला माहीत आहेत, त्यांचे पुल रिक्वेस्ट (कोड जोडून घ्यायच्या विनंत्या) मी परत पाठवतो.

फाइलीच्या नावात कॅपिटल-स्मॉल जसंच्या तसं लिहा. विंडोजवर चुकलेलं खपतं. लिनक्स सर्व्हरवर गेल्यावर ‘मॉड्यूल सापडत नाही’. हा एरर दर वेळी शुक्रवारी संध्याकाळीच का येतो कोण जाणे, पण तेव्हा मला फोन करू नका. ऐरोली गेलं की मी उचलत नाही.